फोटोतला काळा कोपरा

१

छबूबाईंच्या कपाळावरचं गोंदण गेलं होतं.

पाथर्डीच्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीशेजारी गुरुवारी सकाळी नवंकोरं पोस्टर लागलं होतं. 'हरवल्या आहेत. श्रीमती छबूबाई सहादेव गर्जे, वय ६८, रा. खडकेवस्ती. सोमवार पहाटेपासून बेपत्ता. विस्मरणाचा त्रास.' खाली ठळक अक्षरांत मोबाईल नंबर, आणि नंबरच्या शेजारी हात जोडलेल्या गहिनीनाथ मुकादमाचा गोल फोटो. मधोमध छबूबाई.

दुकान उघडायला निघालेली फरहीन स्कूटी तशीच उभी करून पोस्टरपुढे थांबली. फोटो तिनेच काढलेला होता, तीन आठवड्यांपूर्वी. नंतरचं फिनिशिंगही तिनेच केलेलं. डोळ्यांत उजेडाचा बारीक ठिपका, कडांना हळूहळू गडद होत जाणारी सावली, भोवती पांढरी रेघ. स्वतःचं काम माणूस लांबूनही ओळखतो. पण छबूबाईंच्या दोन्ही भुवयांमध्ये हिरवी चंद्रकोर होती, तिच्याखाली टिंब होतं, हनुवटीवर तीन ठिपके होते. त्यातलं काहीच आता दिसत नव्हतं. कपाळ धुतल्यासारखं कोरं होतं.

आणि छबूबाईंनी तर स्टुलावर बसतानाच बजावलं होतं, "बाई, काय गोरंबिरं करायचं ते कर. पन गोंदन पुसू नगंस. त्ये गेलं तर मला माझीच वळख पटायची न्हाई."

"ओळखीची आहे का तुमच्या?" मागून चहावाल्याने विचारलं.

"हो. तुम्ही कुठे पाहिलंत का यांना?"

"हिला न्हाई. सोमवारी पहाटे एक म्हातारी आली हुती माझ्याकडं. दोन वेळा चहा घेतला, पिशवी सांभाळून बसली आन गेली कुठल्याशा गाडीनं. मला पोस्टर बघून क्षणभर वाटलं की हीच. पन तिच्या तोंडावर सगळं गोंदन हुतं. ही कुनी दुसरीच दिसतीय."

फरहीनने स्कूटीला किल्ली लावली आणि थेट दुकान गाठलं.

२

दुकानासमोर गहिनीनाथ मुकादम आधीच येऊन उभा होता. पांढरा शर्ट, कपाळाला बुक्का, हातात दोन मोबाईल. ऊसतोडीची त्याची टोळी दर वर्षी कारखान्यावर जायची. खडकेवस्तीतली अर्धी घरं त्याच्या भरवशावर होती.

"ताई, म्हातारीचा जीव गेला तर कुनाच्या माथी?" त्याने शटर वर व्हायचीही वाट पाहिली नाही. "तुमी तिला अशी पांढरीफटक केली की चार दिवस झाले, एक फोन न्हाई. पोस्टर शेवगावला गेलं, नगरला गेलं, सगळ्या ग्रुपवर फिरलं. लोकं काय म्हनत्यात बघा."

त्याने मोबाईल पुढे केला. कुणीतरी मूळ चेहऱ्याचं वर्णन लिहून खाली टाकलं होतं, 'फोटोवाल्यांनी फिनिशिंगच्या नावाखाली आजीचं गोंदण पुसलं.' त्याखाली फरहीनच्या दुकानाचं नाव. त्याखाली शिव्या.

"मी गोंदण पुसलेलं नाही, मुकादम."

"मंग कुनी पुसलं? फोटो तुमचा, हात तुमचा."

"थांबा, दाखवतेच."

तिने कॉम्प्युटर चालू केला. गिऱ्हाइकांच्या नावाने फोल्डर ठेवायची तिची पद्धत होती. 'च'मध्ये चंद्रकला होती, चांगुणा होती. मग एकदम 'ज' लागला. छबूबाईंचं फोल्डर नव्हतं. तिने कचऱ्याची पेटी उघडली. ती रिकामी होती. कॅमेऱ्याचं कार्ड तर त्यानंतर तीन लग्नांना वापरून झालं होतं.

गहिनीनाथ बघत होता. "सापडंना व्हय?" तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत सापडवा. न्हाईतर मी तिच्या पोराला, सुनीलला घिऊन पोलिसात जातो, तुमच्या नावानं."

तो गेला. मागच्या खोलीच्या दारात फरहीनचे अब्बा, नबीलालभाई, चष्मा पुसत उभे होते. चाळीस वर्षं त्यांनी हाच स्टुडिओ चालवला होता, काचेवर ठेवलेल्या निगेटिव्हला पेन्सिलीने टच-अप केलं होतं. आता कॉम्प्युटर मुलीचा आणि गप्पा त्यांच्या, अशी वाटणी होती.

"घाबरलीस?"

"घाबरले. आणि अब्बा, चीडही आलीय. माझ्या मशीनवरून कुणीतरी फाइल उडवलीय. गोंदण पुसलं ते चुकून नाही. म्हातारी ओळखू येऊ नये असं कुणाला तरी वाटतंय."

तिने स्कूटीची किल्ली उचलली आणि पोस्टर छापणाऱ्याकडे निघाली.

३

पोस्टर बाजारतळाजवळच्या कल्याणच्या फ्लेक्सच्या दुकानात छापलं होतं. कल्याण वाढदिवसाच्या फलकावर भावी सभापतीचे दात पांढरे करत बसला होता.

"मी कशाला पुसू गोंदण?" तो म्हणाला. "मला आलं तेच छापलं. मला वाटलं, तू फिनिशिंग केलंय. सुनीललाही तसंच वाटलं. तो म्हणाला, आई फोटोत लई झाक दिसतीय."

"फोटो कुणी दिला?"

"सुनील आला होता सोमवारी दुपारी, बिचारा रडत. पेनड्राइव्ह दिला. घरात ह्यो एकच फोटो सापडला म्हणाला. आधारवरचा तर नुसता कोळसा. बरोबर मुकादम होता. त्यानेच घाई केली. मी म्हणालो, खाणाखुणा लिहू, तर म्हणतो, कशाला गर्दी, तिथं माझा फोटो घाल."

फरहीनने मान वर केली. "खाणाखुणा लिहू नको म्हणाला?"

"अगदी ह्याच शब्दांत."

तिने कल्याणच्या मशीनवर ती फाइल उघडायला लावली आणि फोटो मोठा करत नेला. कपाळ एवढं मोठं झालं की अख्ख्या पडद्यावर कातडीच दिसायला लागली.

सुरकुत्या जागच्या जागी होत्या. डोळ्यांच्या कडांचं जाळं, ओठांवरच्या उभ्या रेघा, सगळं शाबूत होतं. नेमकं गोंदणच गेलं होतं, आणि त्या जागी शेजारची कातडी इतक्या बेताने आणून बसवली होती की जोड दिसत नव्हता. वर सगळीकडे एकसारखा बारीक दाणा होता. जुन्या रोलच्या फोटोला असायचा तसा.

"कल्याण, तू कधी फोटोला दाणा घालतोस?"

"आपल्याकडं गुळगुळीत लागतं, ताई. लोकांना आंब्यासारखा चेहरा पाहिजे."

म्हणजे हा कल्याणचा हात नव्हता. मोबाईलमधल्या सौंदर्याच्या अ‍ॅपचं तर कामच नव्हतं. त्याने आधी सुरकुत्या घालवल्या असत्या.

आणखी एक गोष्ट तिला खटकली. कडांची सावली ती नेहमी चारही बाजूंनी सारखी घालायची. इथे खालचा डावा कोपरा वेगळाच होता. तिथे सावली नव्हती, काळोख होता. छबूबाईंचा मांडीवर ठेवलेला हात मनगटापासून गायब झाला होता.

"ही फाइल शेवटची बदलली कधी, ते बघ जरा."

कल्याणने माउस फिरवला. चौकट उघडली. दोघेही पुढे वाकले.

शनिवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

"पण म्हातारी तर सोमवारी हरवली!" कल्याण म्हणाला.

४

खडकेवस्तीचा रस्ता स्कूटीला न शोभणारा. एरवी फरहीन दगड चुकवत जायची. आज ती दगडांवरूनच गेली. हरवायच्या दोन दिवस आधी कुणीतरी हरवल्याच्या पोस्टरची तयारी केली होती! म्हणजे त्याला आधीच माहीत होतं. गहिनीनाथ? खाणाखुणा लिहू न देणारा माणूस. पण त्याला छबूबाईंची काय अडचण?

सुनीलच्या अंगणात पाय ठेवला आणि ती थबकली. चार बांबू उभे होते, वर अर्धवट बांधलेलं कापड. ओट्यावर हळदीचं ताट.

"लग्न आहे?"

"हुतं," सुनील म्हणाला. त्याची दाढी वाढली होती, डोळे सुजले होते. "काल हुतं. रुपालीचं. मुकादमाच्या पुतन्याशी. पन आईच न्हाई तर अक्षता कशा टाकायच्या?"

रुपाली. शनिवारी मुलींसाठी फरहीन फोटो एडिटिंगचा मोफत वर्ग घ्यायची. सुनीलची लेक त्यातली सगळ्यात हुशार पोरगी; तिला न्यायला छबूआजीच यायच्या. अकरावीला. फरहीनला तिचं वय चांगलं ठाऊक होतं, वर्गाच्या अर्जावर तिने स्वतः लिहिलं होतं. सोळा.

"एवढी काय घाई होती, सुनीलभाऊ?"

"परवा सकाळी टोळीचे ट्रक निघत्यात. आमी दोघं सहा महिने फडात. मागं तरनी पोर कुनाच्या भरवशावर ठिवायची? आई थकली. लगीन झालं की नवराबायको कोयत्याला जोडीनं येत्याल, डोळ्यापुढं ऱ्हातील." त्याने चेहरा फिरवला. "मला काय हौस न्हाई, ताई."

"आजींना विस्मरण कधीपासून?"

उत्तर आतून आलं, सुनीलची बायको विजयमालाकडून. "कसलं विस्मरन! भाकरी किती थापल्या त्ये त्या मोजून सांगत्यात. त्ये मुकादमानं लिवलं पोस्टरवर."

फरहीन आत गेली. एक खोली, एक लोखंडी पेटी. भिंतीवर एक खिळा होता, आणि त्याखाली चौकोनी, भिंतीपेक्षा उजळ जागा. तिथे काय होतं, ते विचारायची गरज नव्हती. फ्रेम तिनेच करून दिली होती.

"फोटो कुठे गेला?"

"त्यांच्यासंगं गेला असंल. चष्मा गेला, बीपीच्या गोळ्या गेल्या, दोन लुगडी गेली. पेटीतली कागदाची पिशवीबी न्हाई."

वाट चुकलेली बाई चष्मा, गोळ्या आणि स्वतःचाच फोटो बरोबर नेते?

एवढ्यात रुपाली चहा घेऊन आली. हाताला मेंदी. तिच्या मागोमाग गहिनीनाथही दारात आला आणि चौकटीला टेकून उभा राहिला. रुपालीने कप पुढे केला. तिची नजर कपावरून हलत नव्हती.

"मॅडम, वर्गातली एक शंका ऱ्हायली हुती," ती म्हणाली. "कोपऱ्यातली सावली काढली, तर तिथलं लपलेलं दिसतं ना?"

"आता कशाला फोटोबिटो?" गहिनीनाथ हसला. "उद्या संध्याकाळी लगीन हाय. देवळात, साधंच. सुनीलला पटवलंय मी. म्हातारीला मंग निवांत हुडकू."

रुपालीच्या हातातल्या कपातला चहा बशीत सांडला.

५

"ती मला सांगत होती, अब्बा! त्याच्या देखत सांगत होती!"

दुकानात येऊन तिने कल्याणकडची फाइल उघडली आणि काळा कोपरा उजळायला घेतला. सावली हलकी केली, अजून हलकी केली. काळ्याचं राखाडी झालं, राखाडीत चट्टे उठले, पण हात काही दिसेना. काळोख अगदी शेवटपर्यंत नेलेला होता. खाली काही उरलंच नव्हतं.

तिने टेबलावर मूठ आपटली.

"काय शोधतेस?" नबीलालभाईंनी विचारलं.

"छबूआजींचा डावा हात. मूळ फोटो असता तर..."

अब्बा आत गेले आणि कापडी पुठ्ठ्याची जाड वही घेऊन आले. कॉम्प्युटरवर त्यांचा कधीच विश्वास बसला नव्हता. दुकानातून गेलेल्या प्रत्येक फोटोची एक छोटी प्रत ते अजूनही गुपचूप छापायचे आणि तारखेने चिकटवायचे. फरहीन कागद वाया जातो म्हणून दर महिन्याला भांडायची. आज तिने अब्बांच्या खांद्याला कपाळ टेकलं.

आगपेटीपेक्षा थोडा मोठा फोटो. चंद्रकोर जागेवर, हनुवटीचे ठिपके जागेवर. आणि डाव्या हातावर, बांगड्यांच्या वर, हिरवी वाकडीतिकडी अक्षरं. अब्बांनी भिंग धरलं.

"मु... क्ता," त्यांनी वाचलं. "मुक्ता."

"नवऱ्याचं नाव सहादेव. मग ही मुक्ता कोण?"

फरहीन येरझारा घालायला लागली. तिच्या तोंडून शब्द भराभर यायला लागले. "ऐका हं, अब्बा. शनिवारी चारला मी वर नमाजला गेले. तुम्ही मशिदीत होतात. वर्ग सुटला होता. रुपाली एकटी मशीनवर बसली होती आणि शेजारी आजी. मला म्हणाल्या, तू जा बाई, आमी बसतो. मूळ फोल्डर तेव्हाच उडालं. गोंदण पुसणं सोपं आहे, पण वर दाणा घातला नाही तर जोड दिसतो, हे मी फक्त माझ्या वर्गात शिकवते. 'दाणा सगळ्यात शेवटी' असं त्या पोरींनी दहा वेळा वहीत लिहिलंय. आणि आजींच्या नकळत हे झालेलं नाही. नाहीतर भिंतीवरची फ्रेम त्यांनी का नेली असती? चांगला फोटो घरात उरू नये म्हणून! उरला तो फक्त पेनड्राइव्हवरचा, गोंदण पुसलेला. पोस्टर निघणार हे त्यांना ठाऊकच होतं."

"म्हणजे म्हातारी स्वतःच हरवली?"

"आजी घरात नाही म्हटल्यावर लग्न थांबणार. परवा ट्रक गेले की सहा महिने विषय मिटला. तेवढे दिवस सापडायचं नव्हतं, एवढंच! आणि गहिनीनाथला तर उलट त्या लवकर सापडायला हव्या होत्या. खाणाखुणांच्या जागी त्याला स्वतःचा फोटो मिरवायचा होता, बाकी काही नाही."

"पण लग्न थांबलं नाही," अब्बा सावकाश म्हणाले.

फरहीन उभी राहिली. आजींना हे माहीत नव्हतं. रुपालीकडे मोबाईल नव्हता. आजींना कुणीतरी गाठून सांगावं, म्हणूनच तिने तो प्रश्न विचारला होता.

तिने विजयमालाला फोन लावला. "वहिनी, फक्त एवढंच सांगा. मुक्ता कोण?"

पलीकडून दबक्या आवाजात उत्तर आलं, "आत्याबाईंची माहेरची मैतरीन. दोघींनी जत्रंत एकमेकींची नावं गोंदून घेतली हुती. जामखेडला दिलीय तिला. मुलींच्या वसतिगृहात सैपाक करती." आणि मग आणखी हळू, "ताई, उद्या पाचला हाय लगीन."

६

सकाळी सातच्या गाडीने बापलेक निघाले. एसटीतूनच फरहीनने मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ नंबर लावला. पलीकडच्या बाईंनी सगळं शांतपणे लिहून घेतलं. ग्रामसेवकांना आणि पोलिसांना कळवते म्हणाल्या. "पण वयाचा कागद कुणाकडे आहे का? असे लोक आधारची खोटी झेरॉक्स पुढे करतात. पाच वाजता गावात तपासायचं कशावर?"

'पेटीतली कागदाची पिशवीबी न्हाई.' विजयमालाचे शब्द फरहीनच्या कानात वाजले. "कागद आहे," ती म्हणाली. "मी घेऊन येते."

जामखेडच्या वसतिगृहाचं स्वयंपाकघर मागच्या अंगाला होतं. पंचवीस-तीस मुलींच्या भाकरी चालल्या होत्या. चुलीपाशी दोन म्हाताऱ्या बसल्या होत्या. एकीने भाकरी थापायची, दुसरीने भाजायची, आणि दोघी कशावर तरी खदाखदा हसत होत्या. भाजणारीच्या कपाळावर हिरवी चंद्रकोर.

"छबूआजी!"

उलथणं हातातच राहिलं. छबूबाईंनी आधी फरहीनकडे पाहिलं, मग तिच्या मागे कुणी आहे का ते पाहिलं.

"एकटीच आलीस?"

"अब्बा आहेत. घाबरू नका."

"तुला कसं गावलं ग, बाई?"

फरहीनने धापा टाकत सांगितलं. सावली, दाणा, शनिवारचे चार दहा, खिळ्याखालची उजळ जागा, अब्बांची वही. मुक्ताबाई तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. छबूबाई अधूनमधून मान हलवत होत्या. शेवटी म्हणाल्या, "समदं बराबर. येक चुकलीस."

"काय?"

"रुपालीनं न्हाई पुसलं. पोरीचा हात लटलट कापत हुता. म्हनली, आजी, मला न्हाई हुयाचं, तुजं गोंदन हाय त्ये. मंग म्या तिच्या हातनं त्यो उंदीर घेतला. तिनं नुसतं सांगितलं, हितं दाब, तितं दाब. मीच पुसलं माझं." त्यांनी कपाळाला बोट लावलं. "येवढंसं पुसलं तर पोरीचा जलम ऱ्हातो, म्हनलं, पुसू."

अब्बांनी खाकरून विचारलं, "पण नुसतं लपायलाच आलात?"

"न्हाई, भाऊ. लपायला काय, डोंगर हुता की." छबूबाईंनी मांडीखालची पिशवी ओढली. आत रुपालीचा जन्मदाखला, शाळेचा दाखला, आणि वसतिगृहाच्या शिक्क्याचा एक ताजा कागद. "सुन्या म्हनतो, पोर कुनाच्या भरवशावर ठिवू? म्हनलं, भरवसा घिऊनच जाते. चार दिस बाईंच्या मागं लागले. काल शिक्का मारला त्यांनी. आता ट्रक गेला की मी माझ्या पायानं घरी जानार हुते."

"आजी," फरहीन म्हणाली, "लग्न आज आहे. पाचला."

छबूबाई चटकन उठल्या. तव्यावरची भाकरी तशीच जळत राहिली.

७

थेट गाडी दोनची होती. तेवढा वेळ नव्हता. आष्टीपर्यंत एक जीप, पुढे दुसरी, मग तिसरी. प्रत्येक जीप माणसं भरेपर्यंत हलेना. दुसऱ्या जीपमध्ये छबूबाईंनी ड्रायव्हरच्या खांद्यावर थाप मारून म्हटलं, "लेका, राह्यलेल्या शिटा मीच हाय असं समज आन चल!" सगळी जीप हसली आणि तो खरंच निघाला.

पाचला सात मिनिटं कमी असताना ते खडकेवस्तीच्या देवळापाशी उतरले.

हलगी वाजत होती. देवळापुढे पन्नासएक माणसं. ग्रामसेवक आणि एक पोलीस बाजूला उभे होते आणि गहिनीनाथ त्यांच्या नाकापुढे एक झेरॉक्स नाचवत होता. "अठरा पूर्ण हाय! बघा की तारीख! कायदा आमाला शिकवू नगा." ग्रामसेवक कागद उलटसुलट करत होते. मंडपात पिवळ्या साडीत रुपाली, मान खाली.

"सुन्या!"

हलगी थांबली. सुनीलने मागे वळून पाहिलं आणि त्याच्या हातातलं अक्षतांचं ताट कलंडलं. तो धावत आला. आईच्या पायांपाशी बसला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

"कुठं गेल्ती ग? आमी मेलो की ग चार दिस!"

"रड मंग. आधी ह्यांना कागद बघू दे."

फरहीनने पिशवी ग्रामसेवकांच्या हातात दिली. त्यांनी जन्मदाखला वाचला, मग गहिनीनाथची झेरॉक्स त्याशेजारी धरली. तीही फरहीनने जवळून पाहिली.

"सर, इथे बघा," ती म्हणाली. "सालातला शेवटचा आकडा नंतर बसवलाय. बाकीच्या अक्षरांची कड झेरॉक्समध्ये फुटलीय, ह्या एकाच आकड्याची कोरीकरकरीत आहे. कुणीतरी मोबाईलवर केलंय. फिनिशिंग नाही जमलं."

पोलीस गहिनीनाथकडे वळला. "मुकादम, ही झेरॉक्स कुठून आणली? चला जरा बाजूला."

गहिनीनाथ काहीतरी मोठ्याने बोलायला गेला, पण त्याचा पुतण्या, बाशिंग बांधलेला तो पोरगा, सगळ्यांच्या आधी बाशिंग सोडून मोकळा झाला होता. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याची कळा होती. माणसं पांगायला लागली. रुपाली मंडपातून उठली, दोन पावलं चालली आणि मग पळतच सुटली. तिने आजीच्या गळ्यात हात टाकले. फरहीनकडे बघून ती हसली आणि हसता हसता हुंदके द्यायला लागली. विजयमाला देवळाच्या पायरीवर बसून डोळे पुसत होती.

सुनील अजून जमिनीवरच होता. "आई, मला येक सबूद तरी बोलायचा हुतास."

"बोलले की. दसऱ्यापासून बोलतीय. तुला ऐकू आलं न्हाई, म्हून गप झाले. गप झाले तवा कसा गावभर हुडकाय लागलास!"

ग्रामसेवकांनी लिहून आणलेल्या हमीपत्रावर सुनीलने सही केली. मुलगी अठराची होईपर्यंत लग्न करणार नाही. सही करताना त्याचा हात जड झाला होता, पण थांबला नाही. मग छबूबाईंनी वसतिगृहाचा शिक्क्याचा कागद त्याच्यापुढे धरला. सुनीलने तो घेतला, फिरवून बघितला आणि रुपालीकडे दिला.

"वाच. मोठ्यानं वाच."

रुपालीने डोळे पुसले आणि वाचायला सुरुवात केली. पहिली ओळ कुणाला ऐकू गेली नाही. दुसऱ्या ओळीला तिचा आवाज सापडला. प्रवेश मंजूर, राहण्याची व जेवणाची सोय, सोमवारी सकाळी दहा वाजता पालकांसह हजर राहावे.

सुनील ऐकत होता. उद्या सकाळी ट्रक निघणार होता.

"सोमवारी," तो स्वतःशीच म्हणाला. मग उठून उभा राहिला, गुडघ्याची माती झटकली. "टोळीला म्हनावं, पुढं व्हा. मी मंगळवारी येतो मागनं." आणि जरा थांबून, सगळ्यांसमोर, थोडं लाजत त्याने फरहीनला विचारलं, "ताई, तितं सतरंजी घरनं न्यावी लागती का ओ?"